किछानचं नाव

वान्दो बेटावर धुकं उतरलं की समुद्र कुठे संपतो आणि आकाश कुठे सुरू होतं ते कळत नाही. त्या पांढऱ्या पोकळीत समुद्रातलं खायचं शेवाळ काढून वाळत घालण्यात सुनयेचा जन्म गेला होता. आता ती सत्तावन्न वर्षांची होती. दोन लुगडी वाळत टाकावीत तसं सहज ती हातभर लांबीचं शेवाळ चौकटीवर पसरायची.

त्या वसंतात तिची मुलगी दाऊल घरी आली ती वाळून. सत्तावीस वर्षांची पोर, ग्वांगजू शहरात खोलीत बसून चित्रकथांना रंग भरायची. शौचाला रक्त पडतं, हे तिने हसत हसत सांगितलं. बसून बसून मूळव्याध झाली असणार, असंही तीच म्हणाली. सुनयेनेही मान डोलावली. तिने रानदवण्याचा पाला उकळला, मडक्यावर भोकाची फळी ठेवली आणि लेकीला वाफेवर बसवलं. इथल्या सगळ्या आया हेच करतात.

"आई, मी काय मोमो आहे का उकडायला?"

"गप बस. उकडलीस तरी कुणी खाणार नाही, नुसती हाडं."

असे तीन आठवडे गेले. रक्त थांबलं नाही.

मग एका पहाटे सुनयेला धाकटा भाऊ दिसला. किछान. ओल्या अंगाने तो त्या फळीवर बसला होता, गुडघे छातीशी घेऊन, लहानपणी बसायचा तसाच. "ताई," तो म्हणाला, "वाफ थंड झाली गं."

तिला जाग आली तेव्हा उशी ओली होती. किछान एकोणतिसाव्या वर्षी गेला. त्यालाही रक्त पडायचं, तोही असाच वाळला होता. दारूने गेला, असं गाव म्हणालं. आईबापांच्या आधी आणि लग्नावाचून गेलेल्याचं वर्षश्राद्ध करत नाहीत. त्याची राख समुद्रात सोडली आणि त्या दिवसापासून घरात त्याचं नाव कुणी काढलं नाही. दाऊलला मामा होता, हेच दाऊलला माहीत नव्हतं.

पहिल्या बसने सुनये लेकीला घेऊन ग्वांगजूच्या दवाखान्यात गेली. कागदावर प्रश्न होता, घरात कुणाला आतड्याचा आजार? दाऊलने 'नाही'वर खूण केली. डॉक्टरांनी कागद पाहिला, वय पाहिलं, मलम लिहायला घेतलं. महिन्याने या, म्हणाले.

सुनयेची मेलेली आई जणू दारात उभी राहून डोळे वटारत होती.

"माझा भाऊ होता," ती म्हणाली. "किछान. एकोणतिसाव्या वर्षी गेला. त्यालाही असंच रक्त पडायचं."

"कोण किछान?" दाऊलने विचारलं.

डॉक्टरांचा पेन थांबला. मलम राहिलं, त्याच आठवड्यात आतड्याची दुर्बिणीतून तपासणी ठरली.

आतड्यात गाठ निघाली, कर्करोगाचीच. पण ती भिंतीबाहेर गेली नव्हती. हातभर आतडं काढलं, बाजूच्या ग्रंथी स्वच्छ निघाल्या. आणखी सहा महिने थांबला असतात तर वेगळं बोललो असतो, एवढंच डॉक्टर म्हणाले. हे रक्तातून चालत आलेलं दिसतं, तुम्हीही तपासून घ्या, हेही ते सुनयेला म्हणाले.

म्हणून शरदात सुनये स्वतः त्याच तपासणीसाठी दवाखान्याच्या खाटेवर पडली. आदल्या दिवशी पोट साफ करायचं ते खारट पाणी तिला घोट घोट पाजताना दाऊलने त्या वाफेचा सगळा सूड उगवून घेतला होता. आता ती उशाशी उभी होती, अजून बारीक, पण गालावर रंग आलेली. घरी तिच्या टेबलावर किछानचं चित्र अर्धं पडून होतं. आईच्या आठवणीतून नाक, कान, बसायची ढब सगळं उतरलं होतं. कपडे तेवढे बिनरंगाचे होते.

नर्सने गुंगीची सुई टोचली. छताचा पांढरा रंग धुक्यासारखा खाली येऊ लागला.

"आई," दाऊल कानाशी वाकली, "मामा भेटला तर विचार, त्याच्या शर्टाला कुठला रंग देऊ."