सदाची टाकी हिरवी झाली

सकाळी दूध तापत ठेवलं होतं आणि फोन वाजला. सदाच्या बायकोचा, सुमनवहिनींचा भाऊ बोलत होता. "सर, सदाभाऊ गेलं... झोपंतच." दूध उतू जाऊन गॅस विझला तरी मी तसाच उभा होतो. सदा माझा जुना मित्र. एकाच शाळेत तो चित्रकला शिकवायचा, मी गणित. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात, म्हणून चांगलंच सांगतो : उभ्या जन्मात मी कुणावर एवढा जळलो नाही जेवढा सदावर जळलो. त्याचं अक्षर मोत्यासारखं. त्याच्या घरचा पांढरा रस्सा आमच्या घरच्यापेक्षा सरस, हे माझी बायको शोभासुद्धा कबूल करायची. रस्त्यात भेटलेली जुनी पोरं आधी त्याच्या पाया पडायची, मग मी शेजारी उभा आहे म्हणून माझ्या. हे सगळं मी गिळलं असतं, पण ती माशांची टाकी मात्र घशाखाली उतरली नाही.

निवृत्तीनंतर आम्ही दोघांनी एकाच दुकानातून, एकाच मापाच्या टाक्या आणल्या. मासेही तेच, नारिंगी. महिन्याभरात माझ्या काचा हिरव्या झाल्या. मी काचा घासल्या, खडे उकळले, शेवाळ खाणारा मासा आणला, दुकानदारानं दिलेलं निळं औषध ओतलं. चार दिवस बरे जायचे आणि पुन्हा येरे माझ्या मागल्या. तिकडं सदाच्या टाकीत पाणी आहे की नाही तेच कळत नसे. मी गेलो की त्याची नजर चुकवून काचेच्या आतून बोट फिरवायचो. बोट स्वच्छ निघायचं आणि माझ्या पोटात दुखायला लागायचं.

कारण मला ठाऊक नव्हतं असं नाही, त्यानं ते तोंडावर सांगितलं होतं. आमची टाकी खिडकीत. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसायला नको का? दिवसभर ऊन. शिवाय कुणी घरात आलं की आम्ही टाकीचा लाईट लावणार, खाद्याची डबी पुढं करणार, "टाका की चिमूटभर!" आमच्या कोल्हापुरात पावण्याला खाऊ घातल्याशिवाय सोडत नाहीत, तसं माझ्या घरात पावण्यानं माशांना खाऊ घातल्याशिवाय उठायचं नाही. उरलेलं खाद्य तळाला कुजायचं, वरून उजेड, मग शेवाळाला आणखी काय पाहिजे?

"मासं हायत ते, पावणं न्हाईत," सदा म्हणायचा. "किती आग्रह करशील?"

त्याची टाकी अंधाऱ्या कोपऱ्यात. लाईट संध्याकाळी थोडा वेळ. दर रविवारी दोन बादल्या पाणी काढून आदल्या दिवशी भरून ठेवलेलं घालायचा. सोमवारी त्याचा उपास, म्हणून माशांचाही उपास. बाकीच्या दिवशी चिमूटभर, तेही स्वतःच्या हातानं. कुणा पावण्याचा हात डबीकडं गेला की गुरुवार असला तरी खुशाल सांगायचा, "आज उपास हाय त्यांचा." मी एकदा चिडून म्हणालो, "मुक्या जिवाला उपाशी ठेवतोस, पाप लागंल."

"लागू दे की. पाप माझ्या वाटणीला, शेवाळ तुझ्या."

मला ते जमलं नाही. दारात आलेल्याला नाही म्हणायला जीभ रेटत नाही. सदाला लोकांना नाही म्हणता यायचं आणि वर लोक त्याच्यावरच जीव टाकायचे, याचाही मला हेवा वाटायचा...

महिना उलटल्यावर त्याच्या घरी गेलो. वहिनींनी पाणी दिलं. माझी नजर कोपऱ्यात गेली आणि तांब्या हातातच राहिला. सदाची टाकी हिरवी झाली होती. समोरची काच, मागची काच, खडे, सगळं. आत कुठंतरी नारिंगी काहीतरी हलत होतं. इतकी वर्षं मनातल्या मनात मी हेच मागत होतो, आणि ते समोर दिसल्यावर मला रडू आवरेना. मी बाह्या सारल्या. "वहिनी, बादली द्या. कुणीच बघितलं न्हाई का हिकडं?"

"राहू दे भावजी," त्या म्हणाल्या. "माणसं येत हुती की रोज. यायची, बसायची, काय बोलावं सुचायचं न्हाई. मग उठून त्या माशास्नी चिमूटभर टाकायची. कोडोलीची पोरं आली, गगनबावड्यासनं आली, ह्यांनी शिकवल्याली. कुणाला न्हाई म्हणू? लाईट बी चालूच ऱ्हायला दिवसभर." त्या टाकीकडं बघत राहिल्या. "रविवारी बदलीन पाणी. आज असू द्या."

मी बाह्या खाली केल्या. काचेला नाक लावून नीट बघितलं. एवढं शेवाळ धरायला किती चिमटी पडल्या असतील, किती माणसं येऊन गेली असतील... गणिताच्या मास्तराला अंदाज येतो. आणि मग ते जुनं दुखणं पोटात उठलंच.

घरी आलो तर शोभा म्हणाली, "अहो, टाकीचं पाणी बदला आता, किती हिरवं झालंय!"

मी आमच्या टाकीच्या काचेलाही नाक लावून बघितलं.

"कुठं हिरवं?" मी म्हणालो. "हे काहीच न्हाई."