भोंग्यातला माझा आवाज

भाषण मी आयुष्यात कधी केलं नाही. माझं काम भाषणाच्या आधीचं. रिक्षाच्या टपावर दोन भोंगे बांधायचे, मागच्या सीटवर बॅटरी आणि ॲम्प्लिफायर ठेवायचा, आपण ड्रायव्हरच्या शेजारी माईक धरून बसायचं आणि वरवट बकालपासून पार सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत सांगत फिरायचं, की आज संध्याकाळी सभा आहे, भाऊ येणार आहेत, आपली निशाणी विसरू नका. भाऊ म्हणजे आमच्या पक्षाचे इथले पुढारी. मंडप आणि साउंडचा माझा धंदा, त्यामुळे लग्न असो की जयंती, आवाज माझाच. बाजाराच्या दिवशी कोणाची म्हैस हरवली तरी लोक मलाच धरून नेतात. पण जीव ओतून बोलायचो ते पक्षासाठी.

पक्ष मला वडिलांकडून मिळाला. घराच्या रस्त्याकडच्या भिंतीवर पक्षाची निशाणी रंगवलेली होती आणि दर दिवाळीला घराला चुना लावताना वडील तेवढी जागा सोडून द्यायचे. आमच्या बौद्धपुऱ्यात मत कोणाला, हे विचारायची पद्धतच नव्हती. विचारलं तर समोरचा हसायचा. मी मिसरूड फुटायच्या आधीपासून भोंग्यावर बोलतोय आणि मला एकदाही वाटलं नाही की आपण दुसऱ्या कोणाचं नाव घेऊ शकतो.

आमचा भाग खारपाणपट्ट्यातला. विहिरीचं पाणी खारट, बोअरचं त्याहून खारट. डाळ शिजता शिजत नाही, आणि तेच पाणी वर्षानुवर्षं पिऊन माणसाची किडनी जाते. वडील तसेच गेले. अकोल्याला डायलिसिसच्या मशीनवर घेऊन जायचो तेव्हा परतीच्या गाडीत ते डोळे मिटून पडलेले असायचे, आणि गाव जवळ आलं की विचारायचे, कालची सभा कशी झाली. म्हणून माझं एक वाक्य ठरलेलं होतं. आधी जरा खोकायचो, घसा साफ करायचो आणि मग म्हणायचो, “माय-माउल्यांनो, यंदा आपल्या घागरीत गोडं पानी.” भाऊंना ते इतकं आवडलं की पुढे तेही भाषणात तेच म्हणायला लागले. आम्ही निवडून आलो. टाकी बांधली गेली, तिच्यावर आमच्या रंगाचा पट्टा ओढला गेला. पाणी काही वर चढलं नाही. पुढच्या निवडणुकीत मी पुन्हा खोकलो आणि पुन्हा तेच बोललो. लोकांनी पुन्हा ऐकलं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही, कारण या वेळी येईल असं मला खरंच वाटत होतं.

माझी माय डोळ्यांनी अधू. एका डोळ्याचं ऑपरेशन बिघडलं, दुसऱ्याला माणसाची सावली तेवढी दिसते. पण मताला ती कोणाचा हात धरून आत जात नाही. मशीनवर बोट टेकवते, वरून बटनं चाचपत येते आणि आपल्या नंबरावर आली की दाबते. नंबर कोणता, हे तिने मला घरात कधीच विचारलं नाही. ओट्यावर बसून ती भोंग्याची वाट बघायची. आमच्या गल्लीत रिक्षा आली की मी मुद्दाम आवाज वाढवायचो, नंबर दोनदा सांगायचो, आणि पुढे जाताना मागे वळून बघायचो तर ती मान हलवत असायची. पोरगा गल्लीतून सरकारसारखा बोलत जातो, याचं तिला कौतुक होतं. माझी तर सगळी कमाई तेवढीच होती असं आता वाटतं.

मग या विधानसभेला जे झालं ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. भाऊ समोरच्या पक्षात गेले. एकटे नाही, सगळी फौज घेऊन. ते गेल्यावर आमच्या पक्षाला उमेदवार उरला नाही, म्हणून समोरच्या पक्षाचे साहेब इकडे आले, ज्यांच्या विरोधात मी इतकी वर्षं घसा फोडला होता. निशाण्या जागच्या जागी राहिल्या, माणसांनी खुर्च्या बदलल्या. आमच्या भिंतीवर वडिलांनी जपलेली निशाणी आता साहेबांची झाली होती.

बॅटऱ्या भरून देणारा माझा एक मुसलमान दोस्त आहे. तो जन्मभर साहेबांचा माणूस. दर निवडणुकीत आम्ही त्याच्या दुकानात भांडायचो, इतकं की गिऱ्हाईक बाहेर थांबून मजा बघायचं. त्या संध्याकाळी मी गेलो तर तो ॲसिडचा डबा मांडीजवळ घेऊन नुसता बसला होता. मी म्हटलं, तुझे साहेब आमच्या घरी आले, चहा पाजू का? तो हसला नाही. डब्याचं झाकण लावत म्हणाला, “आता आपण भांडाचं कोनासाठी बे?” तेव्हापासून त्याच्या दुकानात राजकारण निघालं नाही. आम्ही हवामानावर बोलतो, सोयाबीनच्या भावावर बोलतो, आणि दोघंही लवकर उठतो.

भाऊंचा फोन आला होता. तिकडे चल म्हणाले, माणसं तीच आहेत, फक्त झेंडा बदलला. मी म्हटलं, भाऊ, माझा घसा त्या झेंड्यासाठी चालत नाही. ते हसून म्हणाले, बरं, तुझी मर्जी. साहेबांच्या माणसांनीही निरोप धाडला, त्यांनाही तेच कळवलं. भोंगे उतरवून मी घरात ठेवले आणि मायला सांगितलं की यंदा मी कोणाचाच प्रचार करणार नाही. तिने विचारलं, घसा बसला काय? मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. तिने संध्याकाळी हळद घालून दूध दिलं.

प्रचार अर्ध्यावर आला असेल. मी सोनाळ्याला एका लग्नाचा मंडप बांधत होतो, शिडीवर होतो. लांबून रिक्षा आली आणि तिच्यातून मी बोललो. आधी खोकलो, घसा साफ केला आणि म्हणालो, “माय-माउल्यांनो, यंदा आपल्या घागरीत गोडं पानी.” पुढे भाऊंचं नाव, आणि मग ती दुसरी निशाणी, जिचं नाव मी फक्त टर उडवायला घेत आलो होतो. दोन नंबरचं बटन. दोनदा. आवाज माझा, हेल माझा, मध्ये श्वास घ्यायची माझी जागासुद्धा तीच. खाली दोर धरलेल्या माणसाने वर बघितलं आणि म्हणाला, काय राजेहो, तुम्हीपण गेले काय तिकडे? मी शिडीवरून उतरलो. चौकशी केली तेव्हा कळलं, कुठल्याशा पोराने मोबाईलवर माझी जुनी रेकॉर्डिंग घालून हे बनवलं होतं, आता तसं बनवता येतं म्हणे. मला आधी राग आला नाही, लाज आली. एखाद्याने आपले कपडे घालून चौकात नाचावं तसं वाटलं.

घरी आलो. माय ओट्यावर होती. रिक्षा आली होती का विचारलं तर म्हणाली, हाव, आलती, आणि चेहरा नुसता उजळलेला. घसा मोकळा झाला म्हणून तिला आनंद. मी तिच्याजवळ बसलो आणि समजावून सांगितलं, की माय, तो मी नाही, तो मशीनने काढलेला आवाज आहे. भाऊ तिकडे गेले, त्यांनी हे केलं. आपली निशाणी तीच आहे, बाबांची, पण तिच्यावर आता साहेब उभे आहेत, तिचा नंबर चार आहे. तुला वाटेल तिथे दाब, पण भोंग्याचं ऐकू नको. ती शांतपणे ऐकत राहिली. मग माझ्या दंडावर हात ठेवून म्हणाली, “मशीन खोकलते काय रे, बाबू?”

मी पुन्हा सांगितलं. ती हाव हाव म्हणाली. समजलं असावं असं मी धरून चाललो.

दुसऱ्या दिवशी मी बुलढाण्याला गेलो. खामगावला गाडी बदलली, घाट चढलो, आणि पक्षाच्या जिल्हा कार्यालयात जाऊन बसलो. वडिलांनी ज्या पक्षासाठी भिंत सोडली, तो पक्ष निदान माझा आवाज तरी मला परत मिळवून देईल असं वाटलं होतं. जिल्ह्याचे पदाधिकारी चांगलं बोलले. चहा दिला, मोबाईलवरची ती रेकॉर्डिंग लक्ष देऊन ऐकली आणि म्हणाले, भारी आवाज आहे हो तुमचा. मी म्हटलं, तक्रार करा ना. त्यांनी आजूबाजूला बघितलं, खुर्ची पुढे ओढली. “हे बघा, निकाल लागला की भाऊ परत आपल्याकडेच येऊ शकतात. वरून तसं चालू आहे. उगाच कडवटपणा कशाला?” मग म्हणाले, आलाच आहात तर साहेबांसाठी एक रेकॉर्ड करून द्या, ते गोड पाण्याचं घ्या, ते चांगलं चालतं.

मी चहा अर्धा ठेवून उठलो. बसस्टँडवर गाडीला वेळ होता. त्या गावात आमच्या पक्षाच्या सभेला मी किती वेळा आलो असेन, घोषणा देऊन घसा गेलेला असायचा आणि परतताना गाडीच्या टपावरही जागा नसायची. आता बाकावर बसलो होतो आणि मला कोणाचाच राग धरता येत नव्हता. भाऊ गेले याचं दुःख पचलं असतं. माणूस जातो. पण जिथून गेले तिथेच कोणाला त्याचं काही वाटत नव्हतं, आणि हे बहुतेक आधीपासूनच तसं असावं. वडील अकोल्याच्या गाडीत डोळे मिटून सभेची चौकशी करायचे, तेव्हासुद्धा.

मतदानाच्या दिवशी मी मायला घेऊन शाळेत गेलो. रांगेत लोक माझ्याकडे बघून हसत होते. काहींनी पाठीवर थाप मारली, बरं केलं म्हणाले, काहींनी तोंड फिरवलं. एकेकाला धरून सांगायचं माझ्यात त्राण नव्हतं. मला फक्त मायची काळजी होती. एवढ्या वर्षांत तिने एकदाही बटन चुकवलं नव्हतं, आणि तिचं मत माझ्या नावाच्या खोट्या आवाजावर जाऊ नये एवढंच मला पाहिजे होतं.

आधी माझा नंबर होता. मशीनसमोर उभा राहिलो. कोणालाच नको, असं शेवटचं बटन दाबायचं मी ठरवून आलो होतो. पण मनात आलं, माय मागे उभी आहे, ती बाबांच्या निशाणीवरच जाणार. तिचं मत तिथे एकटं कशाला पडू द्यायचं, आपलंही सोबतीला असू दे. म्हणून मी चार नंबर दाबला. ज्या साहेबांच्या नावाने मी आयुष्यभर बोंब मारली, त्यांना मत दिलं. बाहेर येऊन दाराशी थांबलो. माय आत गेली, कोणाला हात लावू दिला नाही, मशीनवर वाकली, बोट फिरवलं. मग तो लांब आवाज झाला.

घरी आल्यावर ती खाटेवर टेकली आणि बोटावरची शाई अंगठ्याने चाचपत बसली. खुशीत होती. मी सहज विचारावं तसं विचारलं, चारच दाबलं ना, माय?

“दोन,” ती म्हणाली. “तू सांगतलं तेच.”

मी म्हटलं, मी तर घरात बसून तुला चार सांगितलं होतं. भोंग्याचं ऐकू नको म्हटलं होतं.

“घरात मानूस कायबी बोलते, बाबू. घसा बसला, कोनाशी बिनसलं, म्हनून बोलते. भोंग्यावर तू कधी खोटं नाई बोलला.”

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तिचा तसा विश्वासच होता, आणि तो मीच गल्लीतून फिरून फिरून तयार केला होता. तिने पाणी मागितलं. गोड्या पाण्याचे जार आणून देणारा त्या दिवशी मतदारांना आणायच्या गाडीवर गेला होता, म्हणून माठातलं बोअरचंच पाणी ग्लासात ओतून दिलं. ती सावकाश सगळं प्यायली. इतक्या वर्षांनी तिला ते खारट लागत नाही.