जुना पार्ट मालकाच्या हातात

सुपडू मिस्तरींनी गाडीतून काढलेली कुठलीही वस्तू परस्पर भंगारात टाकली नाही. झिजलेलं बेअरिंग असो की फाटलेलं सील, ते घासलेटमध्ये स्वच्छ धुवायचे, वर्तमानपत्रात गुंडाळायचे आणि मालकाच्या हातात ठेवायचे. मालक घाईत असला, नको म्हणाला, तरी त्याची सुटका नव्हती. तळहात पुढे केल्याशिवाय गाडीची किल्ली मिळायची नाही. कुणी फारच कुरकुर केली तर ते आपल्या अहिराणीत एकच वाक्य म्हणायचे, "मढं दखाडाशिवाय जाळानं नही." काय मेलं ते घरच्यांनी आपल्या डोळ्यांनी बघावं, मग खुशाल उकिरड्यावर टाकावं, असा त्यांचा हिशेब.

आमच्या धुळ्याच्या घरात जिन्याखालचं एक अख्खं फडताळ अशा मढ्यांनी भरलं होतं. कारण नाना, म्हणजे माझे वडील, सुपडू मिस्तरींनी, आमच्या आबांनी, दिलेली एकही वस्तू फेकायचे नाहीत. आई वैतागायची. म्हणायची, दुसऱ्यांच्या घरात काचेची भांडी असतात, आमच्याकडे हे वैभव. शेवटी तिनंही एक जड पुली उचलली आणि लोणच्याच्या बरणीवर दाब म्हणून ठेवली. आबा घरी आले की त्या बरणीकडे बघून मिशीत हसायचे.

आबा मूळचे साक्रीकडच्या एका डोंगराळ खेड्यातले. साक्री रोडला त्यांचं पत्र्याचं गॅरेज होतं. उंची बेताची, अंगात बंडी, कानावर कायम अर्धी विडी. ती पेटवलेली मी कधी पाहिली नाही. बोलणं कमी. आणि जे काय बोलायचे ते अहिराणीत, मग समोर कलेक्टर असो. नाना सरकारी नोकरीत ढोरांचे डॉक्टर होते. त्या सगळ्या पट्ट्यात, जिथे रस्ता संपतो तिथल्या वाड्यापाड्यांवर जीप घालून गाई-बैलांना बघायला जायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी खात्याच्या जीपसारखीच एक जुनी जीप स्वतः घेतली आणि तेच काम फुकट सुरू ठेवलं. ती जीप पहिल्यांदा गॅरेजला नेली त्या दिवशी आबा नानांना म्हणाले होते, "डॉक्टरसाहेब, तुम्हना ढोर मुका, मन्या गाड्या मुक्या. आपले कान लाईसन आयकनं पडस." त्यावर नाना इतके खूश झाले की आपला जुना स्टेथोस्कोप त्यांनी आबांना देऊन टाकला. खोटं कशाला सांगू, मला वाटलं होतं गंमत म्हणून दिला असेल. पण आबा खरोखर तो कानाला लावून इंजिनाच्या पोटावर ठेवायचे.

जीपचा पॉवर स्टेअरिंगचा पंप पहिल्यांदा कण्हायला लागला तेव्हा मी सुट्टीला घरी होते, म्हणून नानांबरोबर गेले. चाक वळवलं की बोनेटखालून बारीक हुंकार यायचा. आबांनी स्टेथोस्कोप लावला, डोळे मिटले आणि सांगितलं की आतला बुश झिजलाय, सील गेलंय, पाती अजून धड आहेत. पंप उघडल्यावर अगदी तेच निघालं. स्टीलच्या जेवणाच्या ताटात त्यांनी पंपाची एकेक पाती जशी निघाली तशी ओळीनं मांडली. कुणी त्या ताटाला धक्का लावायचा नाही, बोलायचंसुद्धा हळू. पंप परत बसवल्यावर पुढची चाकं जॅकवर उचलून हवा काढायची होती. इंजिन बंद ठेवून स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत, सावकाश, पुन्हा पुन्हा. ते काम नानांकडे. आबा तेलाच्या डबीत डोकावून बुडबुडे बघणार आणि नाना फिरवणार, दोघंही पार गंभीर. मी म्हटलं, भरभर फिरवा की. आबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "घाई करशी तं हवा ऱ्हाई जाई, माय."

मग त्यांची परीक्षा. इंजिन सुरू करून मालकानं एका बोटानं स्टेअरिंग फिरवून दाखवायचं. दोन बोटं लागली तर गाडी परत आत. नानांनी तर्जनीनं चाक फिरवलं आणि लहान मुलासारखे माझ्याकडे बघून हसले. त्या दिवशी नानांच्या हातात झिजलेला बुश आला आणि फडताळात गेला.

पुढे आई गेली. मी तोवर जळगावला कॉलेजात शिकवायला लागले होते. दर रविवारी धुळ्याला यायचे. नाना पंचाहत्तरीला आले आणि एका सकाळी त्यांचा डावा हात लुळा पडला. उपचारानं बराच सुधारला, पण कप धरला तर थरथरायचा. डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली. नानांनी मान डोलावली आणि पुढच्या आठवड्यात, मी जळगावला असताना, जीप काढून साक्रीच्या बाजाराला गेले. एक हात पुरतो म्हणे, पॉवर स्टेअरिंग आहे. अशी तीन वर्षं. मी भांडायचे, रडायचे, किल्ली लपवायचे. त्यांच्याकडे दुसरी किल्ली असायची. स्वभावाला औषध नसतं, आणि हा स्वभाव मीही त्यांच्याकडूनच घेतलाय.

मग तो बाजाराचा दिवस आला. वळणावर जीप वळलीच नाही आणि थेट मडकी विकणाऱ्या बाईच्या मांडणीत घुसली. मडक्यांचा चुराडा झाला. बाई चार बोटांनी वाचली. मला फोन आला तेव्हा मी वर्गात होते. धुळ्याला पोहोचले तर नाना ओसरीत शांत बसलेले. म्हणाले, हाताचं काही नाही गं, पंप गेलाय, आठवडाभर कण्हत होता, सुपडूकडे टाकलीय गाडी, दोन दिवसांत होईल.

मी तशीच गॅरेजला गेले. आबांच्या समोर ताटात पंपाची पाती मांडलेली होती. मी विचारलं, होईल दुरुस्त? म्हणाले, होईल, बुश आणि सीलच आहे. मग मी त्यांना सांगितलं की नानांना सांगा, होणार नाही. सांगा की पंप पार गेला, नवा मिळत नाही, हे मॉडेल बंद झालंय. पंपाशिवाय ते चाक एका हातानं हलायचं नाही, म्हणजे ते जाणार नाहीत. माझं ऐकत नाहीत, तुमचं ऐकतील.

आबांनी ताटाकडे बघितलं. म्हणाले, "गाडी मन्हासंगे कधी खोटं बोलनी नही, माय. मी तिन्हाबद्दल कसं बोलू?"

मी तेव्हा चिडले. मी म्हटलं, आबा, उद्या ते कुणाला तरी चिरडतील किंवा स्वतः मरतील, मग मढं कुणाच्या हातात ठेवाल? हे मी बोलले. त्यांचंच वाक्य त्यांच्या तोंडावर फेकलं. आबांनी कानावरची विडी काढली, बघितली आणि परत ठेवली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पंपाविना जीप स्वतः चालवत घरी आणली. दोन्ही हातांनी चाक ओढून घामाघूम झाले होते. नानांच्या समोर उभे राहिले, पण नजर फरशीवर. "पंप गया, डॉक्टरसाहेब. नवा भेटत नही." एवढंच. मला वाटलं, आता नाना वाद घालतील, मुंबईहून मागवू म्हणतील. ते फक्त म्हणाले, "बरं." आबांनी किल्ली खुंटीला अडकवली आणि पाणीही न पिता निघून गेले. मला इतकं हायसं वाटलं की मी त्या दिवशी भरीत-भाकरी केली आणि नानांना आग्रह करकरून वाढलं.

नाना त्यानंतर दोन वर्षं होते. रोज सकाळी अंगणातल्या जीपमध्ये जाऊन बसायचे, तिथेच पेपर वाचायचे. पाड्यावरची माणसं येऊन गाईचं दुखणं तोंडी सांगायची, नाना तोंडी औषध सांगायचे. पण जनावराला हात लावायला मिळत नाही म्हणून खंगत गेले. मी चूक केली असं मला आजही वाटत नाही. पण बरोबर केलं असंही म्हणवत नाही. आबा त्या दोन वर्षांत एकदाही घरी आले नाहीत. नानांनीही कधी त्यांचं नाव काढलं नाही.

नाना गेले तेव्हा आबा अमरधामच्या फाटकाशी उभे होते, आत आले नाहीत. मला त्याचा राग आला. तेरावं झाल्यावर मी गॅरेजला गेले, भांडायलाच गेले. इतक्या वर्षांची मैत्री आणि तुम्ही चार पावलं आत येऊ शकला नाहीत? आबा उठले. फळीवरून एक पुडकं काढलं आणि मला तळहात पुढे करायला सांगितलं. पेपर पिवळा पडला होता. आत नानांचा पंप, घासूनपुसून लख्ख. मी पुली बोटानं फिरवली. आवाजसुद्धा न करता फिरली.

मग त्यांनी सांगितलं. पंप त्यांनी त्याच दिवशी दुरुस्त केला होता, कारण उघडलेली वस्तू तशीच ठेवणं त्यांच्या हाताला जमत नव्हतं. आणि चौथ्या दिवशी नाना रिक्षा करून एकटे गॅरेजला आले होते.

"डॉक्टरसाहेब उनथात. त्यास्नी इचारं, सुपडू, मना जुना पंप कोठे शे? तू हातमा दिधा नही. मी काय बोलू? दखाडी दिना. त्यास्नी पुली फिराई आनि हासनात. म्हनेत, हाऊ मढं नही रे, जित्ता शे. मंग म्हनेत, ऱ्हाऊ दे. पोरले सांगू नको. तिले वाटू दे, मी फसनू."

मी तिथल्याच डब्यावर बसले आणि रडले. आबांच्या तीस वर्षांच्या रिवाजात एक दिवस खंड पडला, तो मला दिसला नव्हता. नानांना तो पहिल्या क्षणी दिसला होता. पंप बसवला की जीप पुन्हा चालवता येईल हे ठाऊक असून ते दोन वर्षं त्या उभ्या जीपमध्ये पेपर वाचत बसले, माझ्या जिवाला घोर नको म्हणून.

आबांनी तो पंप जीपला बसवून दिला. हवा काढायला या वेळी स्टेअरिंगवर मी होते. मी घाई केली नाही.

गेल्या वर्षी आबांच्या मुलाचा, भिकनचा, फोन आला. आबा अंथरुणाला खिळलेत, तुम्हाला बघायचं म्हणतात. मी जीप घेऊनच त्यांच्या खेड्याला गेले. भिकननं मला दारातच गाठलं. म्हणाला, ताई, गॅरेज आम्ही मोडलं, जागा दुसऱ्याला दिली. आबांना कळलं तर सहन व्हायचं नाही. रोज विचारतात, आमच्यावर विश्वास नाही. तुम्ही धुळ्याहून आलात, तुम्ही सांगा की चालू आहे.

हे माझंच पेरलेलं होतं.

आबा खाटेवर खूप बारीक झाले होते. जीपचा आवाज त्यांनी आतून ऐकला होता. म्हणाले, पंप चांगला बोलतोय. मग विचारलं, "गॅरेज चालू शे का, माय?" मी म्हटलं, हो आबा, चालू आहे, येताना बघून आले, दोन गाड्या उभ्या होत्या.

मग त्यांनी पांघरुणातून हात बाहेर काढला आणि तळहात माझ्यापुढे पसरला. "दखाड," म्हणाले.

माझ्याकडे ठेवायला काही नव्हतं. मी माझा हात त्यांच्या हातात ठेवला. त्यांनी तो थोडा वेळ धरला, अंगठ्यानं चाचपला, जणू कुठे झिजलाय ते बघताहेत. मग म्हणाले, "ऱ्हाऊ दे, माय."

आठ दिवसांनी ते गेले.