बुकित बातोकची अळंबी

माझ्या मुलीला शाळेत आदिमानवाचा धडा होता. माणूस आधी रानोमाळ हिंडून पोट भरायचा, मग त्याने धान्य पेरलं, नदीकाठी वस्ती केली, कोठारं बांधली आणि त्यातून पहिली शहरं उभी राहिली, असा तो धडा. त्यावर तिला एक तक्ता करायचा होता. डावीकडे कंदमुळं गोळा करणारी बाई, मग बाणाची खूण, मग नांगर, पुन्हा बाणाची खूण, शेवटी विटांचं शहर. जेवणाच्या टेबलावर मोठा कागद पसरून ती रंगवत बसली होती आणि माझी आई शेजारी लसूण सोलत होती.

"आजी, तू लहान असताना तुम्ही कोण होता? हंटर-गॅदरर की फार्मर?"

मी मराठीत समजावून सांगितलं. आई म्हणाली, "दोन्ही."

"दोन्ही कॅनॉट लाह, आजी. एकच बॉक्स आहे." इथल्या पोरांसारखं तीही वाक्याला 'लाह' लावते.

"मंग तुझा बॉक्स मोठा कर."

आई खरंच सांगत होती. आमचं गाव डांगात, सह्याद्रीच्या डोंगरउतारावर. थोडं भात, थोडी नागली, थोडी वरई व्हायची, पण नवं पीक हाती येण्याच्या आधीच घरातली कणगी रिकामी व्हायची. मग रान. टाकळा, कुर्डू, बांबूचे कोंब, ओढ्यातले खेकडे. कडू करांदे राखेच्या पाण्यात शिजवून टोपलीत घालायचे आणि ती टोपली रात्रभर वाहत्या पाण्यात दगडाखाली ठेवायची, म्हणजे कडूपणा उतरायचा. हे सगळं आईच आणायची. वडील शेताचं बघायचे. तक्त्यातला तो पहिला बाण आमच्या घरात दरवर्षी पुढे जायचा आणि मागे यायचा.

मी तिथून आश्रमशाळेत गेलो, तिथून तालुक्याच्या वसतिगृहात, मग शिष्यवृत्तीवर इंजिनिअरिंगला. घरातला पहिला पदवीधर मी. आश्रमशाळेतल्या सरांनी बोट धरून तालुक्याला नेलं नसतं तर आज मी परदेशात, तुआसच्या गोदीत, जहाजांचे पंप दुरुस्त करत नसतो. या माणसांचे उपकार मी रोज आठवतो, आणि आईचे तर त्याआधी. तिच्या हातचं खाऊन मी वाढलो, हे माझ्या बाबतीत शब्दशः खरं आहे. तिने ओळखून आणलं नसतं तर वर्षातले काही महिने आमच्या ताटात काही नसतं.

वडील गेल्यावर मी तिला इथे आणलं. बुकित बातोकला आमचा फ्लॅट आहे, मागे झाडांनी भरलेली टेकडी. आल्याआल्या मी तिला सांगून ठेवलं होतं की इथे बागेतलं, टेकडीवरचं काही तोडायचं नसतं, दंड होतो. तिने ते मानलं. फिरायला निघाली की हात पाठीमागे बांधून चालायची आणि कडेच्या झुडपांकडे बघत मला म्हणायची, "हे आपल्या कुर्डूच्या भावकीतलं दिसतंय. पण नाय हात लावत बाबा, तुझी नोकरी जायची."

तक्त्याच्या डाव्या बाजूला चिकटवायला मुलीला फोटो हवा होता, खरोखर काही वेचणाऱ्या आजीचा. शनिवार होता. दोघी फोन घेऊन खाली गेल्या. तासाभराने परतल्या तेव्हा आईच्या पदरात अळंबी होती. पांढरीशुभ्र, बटणांसारखी कोवळी, काही नुकती उमललेली.

"कुठं मिळाली?"

"बिल्डिंगीच्या मागं, गवतात. गोल फेर धरून उगवलीय. किती जणं बाजूनं चालली होती, एकानं बघितलं नाय."

मी दंडाचं बोलायला हवं होतं, पण माझ्या नाकाला तो ओला मातकट वास आला आणि मी बोललोच नाही. वसतिगृहात गेल्यापासून मी अळंबी खाल्ली नव्हती. दुकानातली मिळते, पण ती वेगळी. आईने एकेक उलटी करून पाहिली. खालच्या पाकळ्या पांढऱ्या. देठावर कडं. साल सोलून पाहिली. मग म्हणाली, "आपल्याकडं देठ खाली वारुळापतूर जातो. हिला मूळ नाय."

"मग?"

"हितली मातीच ट्रकानं आणून टाकलेली. मूळ जाईल कुठं?" आणि हसली.

मलाही ते पटलं. इथल्या जमिनीचा कितीतरी भाग समुद्र बुजवून केलेला आहे हे मी तिला कौतुकाने सांगितलं होतं. तिने ते लक्षात ठेवलं होतं.

कांदा-खोबरं भाजून तिने कालवण केलं. आमच्या घरची एक रीत आहे. रानातली जिन्नस जो आणतो त्याने आधी खायची. मग त्याने भांडी घासायची, चूल सारवायची. तेवढ्यात त्याला काही झालं नाही, तर बाकीच्यांनी पानावर बसायचं. आईने इथेही तेच केलं. ओट्याशी उभ्याउभ्या दोन घास खाल्ले, सगळी भांडी घासली, गॅसची शेगडी पुसली, वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घातल्या. मुलगी विचारत होती, "बाबा, आजी एकटी का खाते?" मी तिला रीत सांगितली. ती म्हणाली, "सो आजी इज द टेस्टर," आणि तक्त्यात ते लिहिता येईल का असं विचारू लागली. तिने स्वतः मात्र वासाला नाक मुरडलं आणि नूडल्स खाल्ले. बायकोचं ऑफिसात महिनाअखेरचं काम होतं, ती घरी नव्हती.

मग आईने मला वाढलं, आणि स्वतःही माझ्या समोर बसून पोटभर जेवली. तांदळाची भाकरी, कालवण. मी दोनदा मागून घेतलं. ती माझ्याकडे बघत होती. इथे आल्यापासून तिने मला इतकं आनंदात जेवताना पाहिलं नव्हतं, असं ती म्हणाली.

आमच्या रानात जी अळंबी वाईट असते ती लगेच दाखवते. घसा ओढते, जीभ जड होते. भांडी घासून होईपर्यंत कळतं. ही तशी नव्हती. ही पोटात जाऊन गप्प बसली. दुपार उलटल्यावर आईला कळ आली. ती बाथरूममध्ये गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मी दाराशी जाऊन हाक मारली आणि तिथेच मला भडभडून उलटी झाली.

पुढचं मला सलग आठवत नाही. मुलीने फोन केला, अँब्युलन्स बोलावली, नीट इंग्रजीत पत्ता सांगितला. बायको ऑफिसातून थेट हॉस्पिटलात आली. आम्हाला दोघांना शेजारशेजारच्या खाटांवर घेतलं होतं, मधे पडदा. मला पडद्यापलीकडून आईचा आवाज येत होता. ओकारी थांबली की ती नर्सला सांगायची, "माझ्या पोराला बघा आधी. त्याला बघा." नर्स म्हणायची, "ओके आंटी, ओके." बायकोला आणि मुलीला बाहेर थांबवलं होतं; आत मराठी कळणारा मी एकटाच होतो आणि मला तोंड बेसिनमधून वर काढता येत नव्हतं. मला एवढंच ओरडून सांगायचं होतं की मी बरा आहे. ते खरं नव्हतं, आणि खोटं बोलण्याएवढी ताकदही अंगात नव्हती.

डॉक्टरने नंतर फोनवर दोन चित्रं दाखवली. एक आमच्याकडची खायची, एक इथली विषारी. माझ्या डोळ्यांना दोन्ही सारखीच. इथलीच्या खालच्या पाकळ्या जून झाल्या की हिरवट पडतात, ती खूण. कोवळीत ती दिसत नाही. आईने कोवळीच निवडून घेतली होती, कारण आमच्याकडे चांगली माणसं जून अळंबी घरात आणत नाहीत. डॉक्टर समजूतदार होता. म्हणाला, असं पुष्कळांचं होतं, विशेषतः जे आपल्या गावी ओळखून खातात त्यांचं.

मी दुसऱ्या दिवशी घरी आलो. आईचा रक्तदाब फार उतरला होता, तिला आणखी ठेवून घेतलं. घरी आली तेव्हा ती बारीक झाली होती, पण तब्येत सुधारेल असं सगळे म्हणत होते आणि तशी ती सुधारलीही.

खाणं मात्र परत आलं नाही. म्हणजे ती जेवायची, पण विचारून. "ही भाजी खाऊ ना?" "हे कुठून आणलं?" हॉकर सेंटरला, म्हणजे खाण्याच्या टपऱ्या असतात तिथे, नेलं तर मी पहिला घास घेईपर्यंत चमचा उचलायची नाही. एकदा फणसाचा गर समोर ठेवला, ज्या झाडाखाली तिचं बालपण गेलं तो फणस, तर तिने वास घेऊन बाजूला सारला. "हितला हाय. हितलं मला ठावं नाय."

बायको तिला हसवायला बघायची. "आई, मॅगीला तरी घाबरू नका. ती काही कुठे उगवत नाही."

"म्हणून तर खाते," आई म्हणाली. ती हसली नाही.

एकदा मी थेट विचारलं, "आई, चूक कुणाकडून होत नाही? डॉक्टरपण म्हणाला."

"चूक व्हय ना. पण मी तुला घास दिला." एवढं म्हणून ती टीव्हीकडे बघत बसली. मग तिकडेच बघत म्हणाली, "डोळ्यांनी बघितलं, हातांनी बघितलं, जिभेनं बघितलं. आता काय राहिलं माझ्याकडं?"

मी पंप उघडून बिघाड शोधणारा माणूस. इथे बिघाड काहीच नव्हता. तिचं सगळं ज्ञान बरोबर होतं, फक्त ते एका डोंगराचं होतं आणि तो डोंगर मी मागे ठेवून आलो होतो. मी यातला जाणकार नाही, पण तेव्हापासून मला वाटतं, त्या जुन्या माणसांमध्येही अशा बाया असणार. एका खोऱ्यातून उठून दुसऱ्या खोऱ्यात गेलेल्या, आणि तिथली पानं तशीच दिसतात पण तशी नाहीत हे ज्यांना पोटच्या पोराला घास दिल्यावर कळलं. मग पुढच्या वेळी निघताना त्यांनी ओळखीचं बी पदरात बांधून घेतलं असेल. धड्यात लिहिलंय की शेती आली कारण ती सुरक्षित होती. असेलही. ते वाक्य वाचताना मला आता पडद्यापलीकडचा आवाज ऐकू येतो.

शेवटी मीही तेच केलं जे त्या माणसांनी केलं असेल. आमच्या ब्लॉकजवळ रहिवाशांची सामायिक बाग आहे, तिथे आईसाठी एक वाफा मिळवला. वाटलं, स्वतः पेरेल, स्वतः बघेल, तर भरवसा परत येईल. दुकानातून बियांची पाकिटं आणली. त्यात माठ होता. माठ तिच्या जन्माच्या ओळखीचा. आमच्या दारात न पेरता यायचा, आई तो झोपेतही खुडू शकली असती.

तिने मन लावून वाफा केला. शेजारच्या वाफ्यावर एक म्हातारे चिनी अंकल असतात. दोघांना एकमेकांचं काही कळत नाही, पण झारी एकच वापरतात. माठ तरारून आला. लाल देठ, रुंद पानं.

रविवारी आई मला सोबत घेऊन गेली. वाफ्याच्या टोकाला तिने काठी रोवली होती आणि काठीच्या फटीत रिकामं पाकीट अडकवलं होतं. ते तिने काढलं, एक पान तोडलं आणि पाकिटावरच्या चित्रावर ठेवलं. कितीतरी वेळ बघत राहिली. मग दोन्ही माझ्यापुढे धरली.

"हाच का रं?"

"हाच."

"देठ जरा जास्त लाल नाय?"

"नाही आई. माठच आहे."

तिचं समाधान झालं नाही. तिने ते पान अंकलना दाखवलं आणि बोटं तोंडाशी नेऊन खुणेने विचारलं. ते म्हणाले, "कॅन, कॅन. बायाम. गुड." बायाम हे माठाचंच इथलं नाव. तिने मान हलवली आणि परत माझ्याकडे वळली.

"तू शिकलेला हाईस. तू सांग. खायचा ना?"

माठ कसा ओळखायचा हे मला तिनेच शिकवलं होतं, मी तिच्या कमरेएवढा असताना. त्यापलीकडे मला त्यातलं काही कळत नाही. पाकिटावरची अक्षरं मी मोठ्याने वाचून दाखवली, जणू त्यात काही पुरावा होता. मग म्हणालो, "खायचा."

तिने माझं ऐकलं. वाकून खुडायला लागली, आणि प्रत्येक जुडी पिशवीत टाकण्याआधी वर करून मला दाखवत राहिली. मी प्रत्येक वेळी हो म्हणत राहिलो.