वाद्याला पाय

जगातल्या यच्चयावत वस्तूंची माफी मागून झालेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, तो म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे सासरे. आमच्या डिचोलीच्या घरात त्यांना सगळे व्याहीबुवा म्हणतात. पुस्तकाला किंवा तांदळाच्या पोत्याला पाय लागला तर आपणही हात लावून नमस्कार करतो, ती रीतच आहे. व्याहीबुवा मात्र टेबलाच्या पायालाही सोडत नाहीत. 'त्याचोय पायच मां तो,' म्हणतात. शुक्रवारच्या बाजाराला जाताना म्हापशाच्या बसमध्ये ते चढले की उतरेपर्यंत पिशव्या, टोपल्या, पायऱ्या आणि परकी माणसं धरून त्यांचे वीसेक नमस्कार सहज होतात. दुसऱ्याचा पाय त्यांच्या पायावर पडला तरी नमस्कार हेच करतात. एकदा कुणाच्या तरी मिरच्यांच्या पोत्याला पाय लागला, यांनी पोत्याला हात लावून तोच हात भक्तिभावाने दोन्ही डोळ्यांना लावला आणि म्हापसा येईपर्यंत रडत बसले. समोरच्या बाईने घरी कोण गेलं म्हणून चौकशी केली.

त्यांची सगळी नोकरी फेरीबोटीवर झाली. बोटीत पहिलं पाऊल टाकताना ते वाकून फळीला हात लावत, तेव्हा नव्या उतारूला वाटे यांचं काहीतरी पडलंय, आणि तोही वाकून शोधू लागे. स्कूटर घेतली तेव्हा खरी पंचाईत झाली. दसऱ्याला जिला झेंडूचा हार घालायचा, तिला रोज सकाळी उठून लाथ मारायची, हे काही त्यांना पटेना. म्हणून घरासमोरच्या उतारावरून ते स्कूटर ढकलत नेत आणि ती सुरू झाली की धावत्या स्कूटरवर बसत. पुढे बटणावर सुरू होणारी आली, पण ब्रेक पायाचाच राहिला. आता दर ब्रेकनंतर त्यांचा उजवा हात कपाळाला जातो. चोपड्याच्या पुलावर समोरून येणाऱ्यांना वाटतं नमस्कार आपल्यालाच आहे, तेही उलट करतात, आणि त्यामुळे पेडणे तालुक्यात व्याहीबुवांच्या ओळखी फार. फुटबॉल मात्र ते बघत नाहीत. एवढ्या सुबक जिनसेला बावीस जणांनी तुडवायचं आणि एकानेही वाकायचं नाही, हे गोव्यात राहूनही त्यांना सहन होत नाही.

अशा घरात माझी बहीण सून म्हणून गेली आणि जाताना बेस गिटार घेऊन गेली. बेस म्हणजे चार जाड तारांची, खर्जात बोलणारी गिटार. लग्नाआधी बहीण मैत्रिणींच्या बँडमध्ये ती वाजवायची, आणि वाजवताना आमच्या स्वयंपाकघरातली भांडी थरथरायची. या गिटारीबरोबर तिच्या तीन लोखंडी डब्या असतात, त्यांना ती पेडल म्हणते. गिटारीची वायर त्यांच्यातून जाते. एक डबी सूर जुळला की नाही ते सांगते, दुसरी आवाज खरखरीत करते, तिसरी एका सुरामागून त्याचेच चार पडसाद उठवते. वाजवणाऱ्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात, म्हणून डब्या जमिनीवर ठेवून पायाने दाबायच्या. लग्नानंतर पंधरा दिवसांनी तिने हा सगळा संसार ओसरीवर मांडला आणि पहिली डबी दाबली. व्याहीबुवा समोर सुपारी कातरत होते. अडकित्ता हातात तसाच राहिला. 'गो, वाद्याक पाय?' एवढंच म्हणाले आणि उठून मागच्या दारी गेले.

झालं. बहिणीने त्याच दिवशी गिटार पिशवीत घातली, डब्या तिच्या खिशात कोंबल्या आणि पिशवी कपाटावर टाकली. महिन्याभराने मी चोपड्याला तिच्या सासरी गेलो तेव्हा पिशवीवर धूळ बसली होती. मी विचारलं, तर म्हणाली, 'राहू दे रे.' माझी बहीण साधं 'राहू दे' म्हणणाऱ्यांतली नव्हे. लहानपणी पावाच्या शेवटच्या उंड्यासाठी ती माझा हात चावली आहे. मला त्या दोन शब्दांची भीती वाटली, आणि व्याहीबुवांचा मनस्वी राग आला.

चांगलं सुनावायचं ठरवून मी मागच्या खोपटात गेलो. तिथे व्याहीबुवा भुशाने माखून बसले होते आणि त्यांच्यासमोर कमरेइतक्या उंचीचं एक चौरंगासारखं काहीतरी उभं होतं. 'हातान दाबूक बरां पडतला तिका,' ते उत्साहाने म्हणाले. माणूस महिनाभर सुनेसाठी हे करत होता आणि सुनेला त्यातलं अक्षर बोलला नव्हता! मी म्हटलं, 'काका, तिचे दोन्ही हात गिटारीवर असतात.' ते म्हणाले, 'जाणां मी. मगे कोपरान?' त्यांनी होडीचं वल्हं गिटारीसारखं धरून कोपराने चौरंग दाबायचा सरावही केला होता. कोपर सोलपटलं होतं, ते त्यांनी मला अभिमानाने दाखवलं. मी सुनावायला गेलो होतो खरा, पण हळद लावा असं सांगून परत आलो.

स्वयंपाकघरात विहीणबाईंनी माझ्यापुढे चहा ठेवला. माहेरी असताना त्या नाटकातली पदं म्हणायच्या आणि ऐकायला माणसं कुंपणापाशी थांबायची, असं मी ऐकून होतो. तसं मी सहज बोलून गेलो आणि विचारलं, 'मग सोडलंत का?' त्या चुलीकडे बघत म्हणाल्या, 'म्हणू नको असां माका कोणी सांगूक नाय. म्हण असांय कोणी सांगूक नाय. रवला तां रवला.' त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, हेच मला जास्त लागलं. मागे वळून पाहिलं तर दारात कोपराला हळद लावायला आलेले व्याहीबुवा उभे होते. त्यांचा पाय उंबऱ्याला लागला होता आणि नमस्कार करायचं त्यांना सुचलं नव्हतं.

पुढच्या रविवारी त्यांनी मला मुद्दाम बोलावून घेतलं. ओसरीवर एक नवी वस्तू होती. फणसाच्या लाकडाचे दोन जुने पाट त्यांनी खालून दोन पट्ट्या ठोकून जोडले होते. पाटांमध्ये वायरी खाली सोडायला दोन बोटांची फट, पायाला सोपं जावं म्हणून मागची बाजू चार बोटं उचललेली, आणि डब्या घसरू नयेत म्हणून वर चिकटपट्टी. असा बेतशीर बोर्ड दुकानातही मिळाला नसता. विहीणबाईंनी पाट ओळखले. 'अगो बाय! लग्नाचे ते!' व्याहीबुवांनी उत्तर तयारच ठेवलं होतं. 'लग्नात आमी ह्याच पाटांर रवलंव मां? पायानच मां? पाट पाय ठेवूकच आसता. मदी डबी इली, तर तो तिचो प्रश्न.' एवढं शास्त्र सांगून ते सुनेकडे वळले आणि घसा खाकरून म्हणाले, 'वाजव गो. मी सांगतंय, वाजव.'

बहिणीने कपाटावरची पिशवी काढली. तिने पहिला खर्ज लावला तशी छपराची कौलं थरथरली, आणि माझे डोळे भरून आले ते मी धुळीवर ढकललं. ती दर वेळी डबी दाबायची आणि व्याहीबुवा दर वेळी बसल्या जागेवरून नमस्कार करायचे, त्यामुळे ठेका धरल्यासारखंच दिसत होतं. वाजवून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की डब्या तीन आहेत आणि चिकटपट्टी चार जागी लावली आहे. व्याहीबुवांचं माप कधी चुकत नाही. मी हळूच विचारलं, चौथी जागा कोणाची? ते सुपारी शोधू लागले. 'माइकाक जोडतत मां तसली एक डबी? ती. कोणी पद म्हटला तर.'

त्याला आता वर्ष होईल. बहिणीला स्वतःसाठी आणखी एक डबी हवी आहे, पण त्या जागेवर ती ठेवत नाही. परवा तिचा फोन आला. तिन्हीसांजेला ती वाजवत होती, तेव्हा विहीणबाई तुळशीपाशी दिवा लावून ओसरीवर आल्या. थोडा वेळ ऐकत राहिल्या, आणि मग कसं लागतं ते बघावं तसं त्यांनी त्या रिकाम्या जागेवर उजवं पाऊल ठेवलं. गायल्या नाहीत, नुसत्या उभ्या राहिल्या. व्याहीबुवा उठून जवळ आले, वाकले आणि हात कपाळाला लावला. बहिणीला हसू आलं. 'बाबा, आता पाटाचीही माफी?'

'पाटाक नाय गो,' ते म्हणाले. 'तिका.'

विहीणबाईंनी पाय तिथून काढला नाही.