रंगूनच्या आईचं पान

पितरपाठात आमी दोघांनी छपरावर पानं ठेवली. माझं बायकोचं, शेजाऱ्याचं त्याच्या पोरीच्या आईचं. पलटणीतून सुटताना त्यानं रंगूनची ही बिनआईची पोर पदरात घेतली होती. गाव हसतं म्हणून तिची बोली त्यानं बंद केली होती.

माझ्या पानाला कावळा लगेच शिवला. शेजाऱ्याच्या पानाशी मात्र तो नुसता पोरीकडं बघत बसला.

"जीव पोरीत अडकलाय तिचा," मी म्हणालो.

पलटणीतल्या सवयीप्रमाणं टाचा जुळवून शेजारी कावळ्याला म्हणाला, "बाई, हिला शिकवीन. लगीन लावीन."

कावळा हलला न्हाय.

पोर तिच्या बोलीत हळूच काहीतरी बोलली. कावळ्यानं घास उचलला.

शेजारी माझ्याकडं वळला. "आबा, काय म्हणली ही?"

"मला काय ठावं? तोंड तूच दाबलंस तिचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो तिच्यापुढं मांडी घालून बसला होता आणि ती बोलेल तो शब्द तिच्यामागून म्हणत होता.