साडूंच्या अंगठ्याजोगा कंट्रोलर

आमच्या साडूंइतका पारखी माणूस अख्ख्या अंबड तालुक्यात झाला नाही, आणि देव करो, पुन्हा न होवो. एकालाच सोसताना माझ्या नाकी नऊ आले आहेत. बैल असो, बियाणं असो, चप्पल असो की शेजाऱ्याचा होऊ घातलेला जावई असो, साडू आधी डोळे बारीक करतात, उचलण्यासारखी वस्तू असेल तर तळहातावर घेऊन वजन बघतात आणि म्हणतात, "बराबर हाये, पण..." त्या 'पण'नंतर किती वेळ जाईल हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. वडीगोद्रीला त्यांची मोसंबीची बाग आहे. व्यापारी आला की फळ कापायच्या आधीच हे आत रस किती आणि साल किती ते सांगून मोकळे होतात. अंदाज बहुतेक वेळा चुकतो, पण सांगायची ऐट अशी की व्यापारीच ओशाळतो.

मी त्यांच्या मेहुणीचा नवरा, जालन्यात शाळेत मराठी शिकवतो. म्हणून ते मला 'सर' म्हणतात आणि वयानं मोठे असून 'अहो-जाहो' करतात. या आदराची किंमत मी गेली काही वर्षं मोजतो आहे. कारण साडूंची सगळी पारख मध्यंतरी एकाच वस्तूवर येऊन ठेपली होती: मोबाईलला जोडून गेम खेळायचा छोटा, खिशात मावणारा कंट्रोलर. त्यांच्यासाठी मागवलेले हे कंट्रोलर यायचे माझ्या घरी, माझ्या नावावर, माझ्या फोननंबरवर. वडीगोद्रीला पार्सल पोचत नाही असं मुळीच नाही. पण पोचवणारा ते हायवेवरच्या चहाच्या हॉटेलात ठेवून जातो, आणि तिथं ते आधी गाव उघडून बघतं. "एवढा मोठा बागाईतदार आन् खेळणी मागवून राह्यला म्हणतील, सर. इज्जतीचा सवाल हाये." माझी इज्जत जालन्यात कुणाला ठाऊक नसल्यामुळे तिचा सवाल यायचा नाही. मी नववीच्या वर्गात अलंकार शिकवत असायचो, खिशात फोन थरथरायचा, आणि उपमेचं उदाहरण अर्धवट टाकून मला दाराबाहेर जाऊन कुणाला तरी ओटीपी सांगावा लागायचा. मुख्याध्यापकांनी एकदा विचारलं, "काय हो, ऑनलाइन धंदा सुरू केलात काय?"

या वेडाचं मूळ त्यांच्या लेकीत आहे. एकुलती एक लेक. ती लहान असताना साडूंनी टीव्हीला जोडायचा एक व्हिडिओ गेम आणला होता. संध्याकाळी बागेतून आलं की हात-पाय धुवायच्या आधी बाप टीव्हीसमोर फतकल मारायचा आणि दोघं मोटारींची शर्यत खेळायची. पुढं तो गेम मोडीत गेला, लेक शिकली, पुण्याला नोकरीला लागली आणि बापलेकीचं फोनवरचं बोलणं "जेवलीस का?" "हो, तुम्ही?" "हो" एवढ्यावर आलं. साडू दिवसभर माझ्याशी बोलू शकतात, झाडांशी बोलू शकतात. लेकीशी काय बोलावं ते त्यांना सुचेना. मग तिनंच तो जुना खेळ मोबाईलवर शोधून काढला, बापाच्या मोबाईलमध्ये टाकून दिला आणि सांगितलं, "पप्पा, दर रविवारी संध्याकाळी तुम्ही तिथून, मी इथून." आणि काय सांगू, खेळता खेळता दोघं भडाभडा बोलायला लागली! साहेबाची कटकट, खोलीवरची मैत्रीण, बागेत पडलेली फळगळ, आईचे गुडघे, सगळं शर्यत चालू असताना. गाड्या थांबल्या की पुन्हा "जेवलीस का?"

अडचण एकच होती, साडूंचा अंगठा. कात्री, कुदळ आणि ठिबकच्या नळ्या यांनी तो असा निबर करून ठेवला आहे की कुठलंच यंत्र त्याला मानत नाही. पीकविम्याच्या केंद्रात अंगठ्याचा ठसा घेणारा माणूस त्यांना लांबून पाहूनच ओरडतो, "काका, खोबरेल लावून या!" मोबाईलच्या काचेचं तेच. दहादा दाबावं तेव्हा एकदा गाडी वळायची, आणि तोवर ती खड्ड्यात गेलेली असायची. "काच मला वळखतच न्हाई, सर," ते एकदा फार पडेल आवाजात म्हणाले. मला दया आली, आणि कंट्रोलर नावाची वस्तू असते हे मीच त्यांना सांगितलं. माझ्या आयुष्यातल्या चुकांमध्ये हिचा नंबर बराच वर लागतो.

पहिला कंट्रोलर आला, तो बरा चालला. रविवारी आमच्याच दिवाणावर बसून ते खेळले आणि चक्क जिंकले. बायकोनं दाजी जिंकले म्हणून सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली. साडूंनी मात्र ती तोंडात टाकली नाही. लेकीचा फोन ठेवला आणि म्हणाले, "सर, पोरगी मुद्दाम हारून राह्यली."

"कशावरून?"

"शेवटच्या वळणावर तिची गाडी उगंच कडेला गेली. ती लहान व्हती तवा मी अशीच घालायचो. हुबेहूब." कंट्रोलर बाजूला ठेवत म्हणाले, "तवा ती लेकरू व्हती, रडायची. मी काय लेकरू हाये का? बापाची कीव करून राह्यली ती. आन् कीव करून करून माणूस कटाळतो, सर. मंग एक दिवस म्हणंल, पप्पा, आज काम हाये."

बायकोनं विचारलं, "मग आता हो, दाजी?"

"मंग काय! असा कंट्रोलर पाहिजे की तिला हारायची गरजच पडू नये."

तिथून माझी साडेसाती सुरू झाली. दर आठ-पंधरा दिवसांनी पार्सल, आणि पार्सलामागोमाग अंबडहून येणाऱ्या एस्टीतून पिशवीभर मोसंबी घेऊन साडू. आमच्या घरात मोसंबीचा रस पिऊन पिऊन सगळ्यांना आम्लपित्त झालं. दिवाणावर टॉवेल अंथरायचा, त्यावर कंट्रोलर मांडायचे, एका हातात कंट्रोलर, दुसऱ्या हातात मोसंबी, आणि डोळे मिटायचे. "मोसंबीपेक्षा हलका म्हंजी आत काई न्हाई." एक आला काडेपेटीएवढा. साडूंच्या तळहातावर ठेवला तो दिसेनासाच झाला, आणि त्यांनी एकदा अंगठा टेकवला की चारही बटणं एकदम दाबली जायची. एक होता मोबाईलला दोन्ही बाजूंनी कवेत घेणारा. पण त्यासाठी मोबाईलचं कव्हर काढावं लागायचं, आणि साडूंच्या कव्हरात देवाचा फोटो, बसचा पास आणि बायकोनं घालून दिलेला अंगारा. ते काढायची हिंमत त्यांच्यात नव्हती. एकाची दांडी हात न लावताच डावीकडं झुकायची. "न सांगता वळणारा बैल बी मी दावणीला ठेवला न्हाई," म्हणून तो परत. एकात बटण दाबलं की गाडी सावकाश विचार करून वळायची. "मी आत्ता दाबतो आन् ती मंग वळती. सरकारी काम हाये का हे?" एक सगळ्यात उत्तम होता, पण त्याची बटणं टकटक वाजायची. तो का नको, तर फोनवर लेकीला ऐकू जाईल आणि बाप किती घाबरून दाबतोय ते तिला कळेल! मी कपाळावर हात मारला. परत पाठवायचं काम अर्थातच माझं. पुन्हा खोका, पुन्हा चिकटपट्टी, पुन्हा ओटीपी. बायकोजवळ कुरकुर करावी तर ती म्हणायची, "एवढ्या लांबून येतात बिचारे."

आणि त्यातच ते मोसंबीचं प्रकरण झालं. एका करड्या कंट्रोलरची अधिक चिन्हासारखी बटणं जरा घट्ट होती, म्हणून तो परत पाठवायचा ठरला. मी शाळेत होतो, खोका साडूंनी बांधला. आठवड्यानं मला एका बाईंचा फोन. "सर, आपने प्रॉडक्ट के साथ क्या भेजा है? पूरा बॉक्स गीला है." मी चक्रावलो. साडू समोरच बसले होते. विचारलं तर शांतपणे म्हणाले, "दोन फळं ठेवली व्हती. चांगली निवडून."

"अहो, का पण?"

"कुणाच्या घरचा डबा रिकामा परत देत असत्यात का?"

"डबा रिकामा कुठं होता? त्यांचीच वस्तू होती की आत!"

"वस्तू त्यांचीच, मंग त्यात आपलं काय गेलं? आठ दिवस वापरली की आपण."

कप्पाळ माझं! आमच्याकडं शेजारणीची वाटीसुद्धा चिमूटभर साखर घातल्याशिवाय परत जात नाही, हे खरंच आहे. पण ते फोनवरच्या बाईंना हिंदीतून समजावताना मला घाम फुटला. "वो हमारे यहाँ डिब्बा खाली नहीं देते, मॅडम." त्या बहुधा हसल्या, आणि परत घेता येणार नाही म्हणाल्या. खोका माझ्याकडं परत आला. कंट्रोलर पुसून चालू केला तर चालला, पण त्याला आंबूस गोड वास कायमचा बसला. तो आमच्या टीव्हीखालच्या फळीवर पडून राहिला आणि घरात त्याचं नाव 'मोसंबीवाला' पडलं.

शेवटी एकदा तो आला. दिसायला काही विशेष नाही. पाठ जाड, बटणं मोठी, दोन बटणांमध्ये साडूंचा अंगठा मावेल एवढं अंतर. साडूंनी तो तळहातावर घेतला, हात खाली-वर केला, म्हणाले, "बराबर हाये." मी 'पण'ची वाट बघत उभा. 'पण' आलाच नाही. मीच खुर्चीवर बसून घेतलं.

त्या रविवारी आमच्या घरात चहा गार झाला तरी कुणी प्यायलं नाही. सुरुवातीलाच साडूंची गाडी पुढं निघाली. फोनच्या स्पीकरवर लेकीचं साहेबपुराण चालू होतं, ते हळूहळू कमी झालं, मग बंदच झालं. "पप्पा... अहो पप्पा, थांबा की!" साडूंची जीभ दातांत, मान वाकडी. बायको माझा दंड धरून उभी. शेवटचं वळण आलं आणि दोन्ही गाड्या बरोबरीत. मी लेकीच्या गाडीकडंच बघत होतो. ती कडेला गेली नाही. बोटभर अंतरानं पुढं निघाली आणि जिंकली.

साडूंनी कंट्रोलर मांडीवर ठेवला. "हारलो, सर!" ते माझ्याकडं वळले. "बराबर हारवलं पोरीनं. बिलकुल दया केली न्हाई." पलीकडून लेक ओरडत होती, "काय खेळलात हो पप्पा! घाम फोडलात मला. पुढच्या रविवारी पुन्हा!" साडूंचे डोळे भरून आले होते आणि खोटं कशाला सांगू, माझेही. बायकोनं पुन्हा साखर वाटली. हरल्याची साखर मी आयुष्यात तेव्हाच खाल्ली.

त्यानंतर पार्सलं थांबली. तास शांतपणे होऊ लागले, उपमा-उत्प्रेक्षा अखंड पार पडू लागल्या. मला वाटलं होतं, आता कसं हायसं वाटेल. पण दिवाण रिकामा दिसायचा, आणि आम्ही मोसंबी बाजारातून आणली तर ती बायकोला आंबट लागायची. गेल्या वर्षी लेकीचं लग्न झालं. जावई चांगला आहे. त्याच्या बाबतीतही साडू 'पण' म्हणाले नाहीत. आता तिचे सगळे रविवार तिचे नसतात. साडू कुरकुरत नाहीत. रविवारी दुपारीच कंट्रोलर चार्जिंगला लावून ठेवतात, असं मेहुणीबाई सांगत होत्या.

परवा अशाच एका रविवारी फोन आला. "सर, पोरीकडं पाव्हणे हायेत आज. तुम्ही तो मोसंबीवाला घेऊन येता का?" मी आठवडाभराचा दमलेलो होतो, तपासायचे पेपर पडले होते. तरी गेलो. वडीगोद्रीला उतरलो, बागेकडच्या ओसरीत खाटेवर बसलो, साडूंनी त्यांचा मोबाईल तांब्याला टेकवून उभा केला आणि दोन्ही कंट्रोलर त्याला जोडले. मी जन्मात गेम खेळलेलो नाही. पहिल्या शर्यतीत झाडावर आदळलो, दुसरीत उलट्या दिशेला निघालो. साडू पोट धरून हसले. "सर, अलंकार शिकवणं सोपं हाये!"

तिसऱ्या शर्यतीत मी कसाबसा रस्त्यावर राहिलो. हातातल्या कंट्रोलरला अजून तो आंबूस गोड वास येत होता. शेवटचं वळण आलं, साडूंची गाडी बरीच पुढं होती, आणि ती उगीचच कडेला गेली. मी जिंकलो.

"वा, सर! जमलं की तुम्हाला!" असं म्हणून साडू लगबगीनं बागेकडं बघायला लागले.

एवढं वय झालं माझं, पण माझ्यासाठी कुणी अशी गाडी कडेला घातलेली मला आठवत नाही. पेपर घरी पडले होते, शेवटची एस्टी जाईल की काय अशी धास्तीही होती. तरी म्हटलं, "लावा अजून एक."